बंबाचा खर्च कोणी सोसावा?

(शताब्दी महोत्सवानिमित्त सुरत येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीच्या व्यासपीठावरून घरपट्टी आणि आगीचा बंब यांविषयी बोलणे काहींना रसभंगाचे वाटण्याचा संभव आहे. परंतु कागद आणि लाकूड यांनी भरलेल्या वास्तूवर ज्यांचे प्रेम आहे, त्यांना या विषयाची निकड वेगळी सांगावयास नको. शंभर वर्षे पै-पै करून जमविलेले धन एका रात्रीत राख होऊ शकते. ती रात्र आलीच तर कोणाला हाक मारावयाची, तो किती वेळात येणार आणि त्याच्या येण्याचा खर्च कोणी आधीच सोसून ठेवला आहे, असे तीन प्रश्न या विषयाच्या मुळाशी आहेत.

सुरत शहराची आगीशी ओळख जुनी आहे. २४ एप्रिल १८३७ रोजी सायंकाळी मच्छलीपीठ भागातील एका घरात उकळत्या डांबराचे भांडे कलंडले आणि घराने पेट घेतला. जुन्या वृत्तांतात असे सांगितले आहे, की शेजारच्या विहिरीचे पाणी काढू देण्यास नकार मिळाला. काही मिनिटांतच ज्वाळा लाकडी चौकटींच्या घरांवरून धावू लागल्या. आग विझेपर्यंत नऊ हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली आणि सुमारे पाचशे माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी तापीला मोठा पूर आला आणि जळालेल्या शहराच्या दुःखात भर पडली.

त्या एका विहिरीचा विचार मनातून जात नाही. नकार देणारा शेजारी दुष्टच असेल असे मानण्याचे कारण नाही. विहीर त्याची, दोर त्याचा, पाण्याची टंचाई उन्हाळ्याची. त्याच्या मते आग दुसऱ्याच्या घराला लागली होती. आग मात्र मालकीच्या भिंती ओळखत नाही, हे त्याला फार उशिरा कळले असेल. शेजाऱ्याचे घर जळत असताना त्यातील निम्मी आपत्ती आपलीच असते. म्हणून जी विहीर कोणाच्याही एकट्याच्या मर्जीवर अवलंबून नाही अशी एक विहीर साऱ्या गावाने मिळून, आधीच खणून ठेवणे हाच त्यावरचा उपाय. नगरपालिकेचे अग्निशामक दल म्हणजे अशी सामाईक विहीर होय आणि घरपट्टी म्हणजे ती खणण्याची वर्गणी होय.

सुरतेत नगरपालिका स्थापन झाली ती १८५२ साली, म्हणजे त्या आगीनंतर पंधरा वर्षांनी. नागरी संस्थेचे महत्त्व माणसाला बहुधा संकटानंतरच पटते. लंडनचीही तीच कथा आहे. १६६६ च्या महाभयंकर आगीनंतर तेथे आगीचा विमा उतरविणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि त्यांनी आपापले बंब व माणसे ठेवली. १८३३ मध्ये अशा अनेक कंपन्यांनी आपली दले एकत्र केली. जेम्स ब्रेडवुड हा त्यांचा प्रमुख होता. १८६१ साली टूली स्ट्रीटवरील गोदामांना लागलेल्या आगीत ब्रेडवुड स्वतः भिंतीखाली सापडून मरण पावला आणि कंपन्यांचे प्रचंड नुकसान झाले. एवढ्या मोठ्या नगरीचे रक्षण खाजगी तिजोरीतून होणार नाही, हे त्यांनी सरकारला कळविले. त्यातून १८६५ चा कायदा जन्मास आला. त्यातील खर्चाची वाटणी मनन करण्यासारखी आहे. मालमत्तेच्या करयोग्य मूल्यावर पौंडामागे अर्धा पेनी पट्टी, विमा कंपन्यांकडून विमा उतरविलेल्या दर दहा लाख पौंडांमागे ३५ पौंड, आणि सरकारी इमारतींच्या रक्षणापोटी सरकारकडून वर्षाला १०,००० पौंड. ज्याचे रक्षण होते त्याने भार उचलावा, हे सूत्र त्या तिन्ही रकमांत आहे.

हेच सूत्र मुंबईच्या १८८८ च्या महानगरपालिका कायद्यातही आढळते. सर्वसाधारण कराला जोडून, आगीपासून जीवित व मालमत्ता यांचे रक्षण करण्याच्या खर्चासाठी करयोग्य मूल्याचा एक स्वतंत्र अंश आकारण्याची तरतूद त्यात केली गेली. त्या पट्टीचे मोल किती, हे मुंबईला १४ एप्रिल १९४४ रोजी उमगले. गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशामक दलाचे ६६ जवान कर्तव्य बजावताना कामी आले. देशभर अग्निशमन सेवा दिन त्याच तारखेला पाळला जातो.

सुरत १ ऑक्टोबर १९६६ रोजी महानगरपालिका झाली आणि १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका अधिनियमाखाली आली. या अधिनियमाने अग्निशामक दल बाळगणे हे महानगरपालिकेचे आवश्यक कर्तव्य ठरविले आहे, ऐच्छिक नव्हे. पुढे १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतही अग्निशमन सेवा नागरी संस्थांकडे सोपविण्याच्या विषयांत आली. कर्तव्य असे निःसंदिग्ध आहे. प्रश्न उरतो तो द्रव्याचा.

दीर्घकाळ गुजरातमधील महानगरपालिकांचा मोठा आधार जकात हा होता. जकात नाक्यावर भरली जाई. वस्तूच्या किमतीत ती मिसळून जाई आणि सामान्य नागरिकाला तिची जाणीवही होत नसे. नोव्हेंबर २००७ मध्ये महानगरपालिकांची जकात रद्द झाली आणि तिच्या बदल्यात राज्याकडून अनुदान मिळू लागले. आता महानगरपालिकेच्या हक्काच्या उत्पन्नात मालमत्ता कराचे स्थान फार वरचे आहे. या बदलाकडे केवळ तोटा म्हणून पाहू नये. जकात निमूटपणे जात असे, म्हणून तिचा हिशेबही कोणी मागत नसे. घरपट्टीची पावती मात्र घराघरात येते आणि हातात पावती असलेला मनुष्य प्रश्न विचारू शकतो.

असे प्रश्न विचारले न गेल्यास काय होते, याचा दाखला याच शहराच्या इतिहासात आहे आणि तो मराठी माणसाच्या परिचयाचा आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा येथील मोगल अधिकारी इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. पाचशे शिपायांचा पगार तो सरकारी खजिन्यातून उचलत असे, पण तेवढे शिपाई त्याने कधी ठेवलेच नव्हते, असे इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी नोंदविले आहे. इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांनी आपापल्या वखारी सांभाळल्या. शहराचा बराच मोठा भाग मात्र आगीत गेला. मराठी वाचक या प्रसंगाकडे पराक्रमाच्या दृष्टीने पाहतो, ते योग्यच आहे. नागरिकाच्या दृष्टीने पाहिल्यास त्यात आणखी दोन धडे सापडतात. रक्षणासाठी घेतलेला पैसा रक्षणावरच खर्च होतो आहे की नाही, हे पाहणारे कोणी नसेल तर पैसा असूनही संरक्षण नसते. आणि ज्याला परवडते त्याने स्वतःच्याच भिंतीपुरता पहारा ठेवला, तर भिंत वाचते, शहर वाचत नाही.

ग्रंथालयाच्या सभासदांना या पहिल्या धड्याचे आधुनिक उदाहरण समजणे सोपे जाईल. मद्रास प्रांताने १९४८ मध्ये आणि कर्नाटकाने १९६५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचे कायदे केले व ग्रंथालयांसाठी मालमत्ता करावर उपकर बसविला. तत्त्वतः ही व्यवस्था उत्तम. परंतु बंगळूरमध्ये नागरिकांकडून वसूल झालेला उपकर ग्रंथालय खात्याकडे वेळेवर पोहोचत नाही, ही तक्रार वर्षानुवर्षे होत आली आहे. पावतीवर नाव असले म्हणजे पैसा त्या नावाच्या कामाला लागतोच असे नाही. स्वतंत्र शीर्षकाबरोबर स्वतंत्र खाते आणि दरवर्षी जाहीर होणारा हिशेब यांची जोड हवी.

हा हिशेब कोणत्या मापाने मागावा? रुपयांइतकेच मिनिटांचे माप महत्त्वाचे आहे. स्थायी अग्निशमन सल्लागार समितीने शहरी भागात पाच ते सात मिनिटांत मदत पोहोचावी असे मान सुचविले आहे. १९९१ च्या जनगणनेत सुमारे १५ लाख वस्तीचे असलेले सुरत २०११ मध्ये ४४ लाखांच्या पुढे गेले आणि त्यानंतर २०२० मध्ये शहराची हद्द पुन्हा वाढली. हद्दवाढीबरोबर घरपट्टीची कक्षा तत्काळ रुंदावते. तेवढ्याच तत्परतेने नव्या वस्तीत अग्निशमन केंद्र उभे राहते काय, हे प्रत्येक प्रभागाने विचारावयास हवे.

२४ मे २०१९ या दिवसाचा उल्लेख केल्यावाचून सुरतेत या विषयाचे विवेचन पुरे होऊ शकत नाही. सरथाणा भागातील तक्षशिला आर्केड या इमारतीला आग लागली. वरच्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग चालू होते. खाली येण्याची वाट बंद झाली आणि मुलांनी जीव वाचविण्यासाठी वरून उड्या घेतल्या. २२ जीव गेले. त्यांत बहुतेक विद्यार्थी होते. पुरेशी उंच शिडी वेळेवर मिळाली नाही, झेलण्यासाठी जाळी नव्हती, अशी टीका देशभर झाली. छतावरील बांधकाम बेकायदा होते, हेही पुढे आले. शिकण्यासाठी गेलेली मुले घरी परतली नाहीत, या वाक्यापुढे अंदाजपत्रकातील कोणतीही सबब टिकत नाही.

या दुर्घटनेचा अर्थ केवळ शिडी नव्हती एवढाच घेतला, तर तो अपुरा ठरेल. शिडी विकत घेता येते. त्या मजल्यावर वर्ग भरतो हे आगीपूर्वी कोणाला ठाऊक होते, हा त्याहून कठीण प्रश्न आहे. येथे घरपट्टीचा एक फारसा लक्षात न आलेला उपयोग दिसतो. शहरातील प्रत्येक इमारत, तिचा प्रत्येक मजला, त्याचे क्षेत्रफळ आणि वापर यांची नोंद ठेवणारे दप्तर असेल, तर ते कर आकारणी खात्याचे. निवासी वापर कुठे, दुकान कुठे, गोदाम कुठे, हे दर ठरविण्यासाठी त्याला पाहावेच लागते. कर आकारला म्हणजे बांधकाम अधिकृत झाले असे नव्हे, हे खरे. पण ज्या मजल्याचा कर घेता येतो, त्या मजल्यावरच्या माणसांची सुटकेची वाट पाहता येणार नाही, असे कसे म्हणावे? आकारणीच्या दप्तरातील माहिती अग्निशामक दलाच्या हाती नियमितपणे जाऊ लागली, तर तेच दप्तर धोक्याचा नकाशा होईल. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिंग रोडवरील शिवशक्ती टेक्स्टाइल मार्केट एक दिवसाहून अधिक काळ जळत होते आणि शेकडो दुकानांची हानी झाली. एका छताखाली इतके कापड आणि इतकी दुकाने सामावणाऱ्या शहरात अशा नकाशाची किती गरज आहे, हे सुरतेच्या व्यापाऱ्यांना अधिक सांगणे नलगे.

आगीतून बाहेर काढलेल्या माणसाचा प्राण पुढे रुग्णवाहिकेवर अवलंबून असतो. गुजरातमध्ये ऑगस्ट २००७ पासून १०८ क्रमांकाची विनामूल्य सेवा राज्याच्या खर्चाने चालते. तिचे उपकार मोठे आहेत. बंब नगराचा आणि रुग्णवाहिका राज्याची, अशी ही वाटणी आहे. अमेरिकेतील सिअॅटल शहरात १९७० साली अग्निशामक दलातच प्रगत वैद्यकीय मदतीचे पथक सुरू झाले आणि १९७९ पासून तेथील किंग परगण्यात या सेवेसाठी मालमत्तेवर खास पट्टी बसविण्यास मतदार स्वतः मत देऊन संमती देत आले आहेत. ठरावीक मुदतीने पुन्हा मत मागावे लागते, म्हणून सेवेला आपले काम दाखवावे लागते. तो मार्ग येथे जसाच्या तसा आणता येणार नाही, पण त्यामागचा विवेक आणता येईल. नागरिकाला काम दिसले की तो पैसा देतो. १९९४ च्या प्लेगनंतर आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत स्वच्छ होत गेलेल्या सुरतेने याचा अनुभव घेतलेला आहे.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो प्रामाणिक आहे. ज्याची मालमत्ताच नाही त्याचे काय? लिंबायत, उधना, पांडेसरा येथे भाड्याच्या खोलीत राहणारा खानदेशातून आलेला कामगार घरपट्टीच्या पावतीवर कोठेच नसतो. वस्तुतः तोही भाड्यातून कर भरतच असतो. केवळ पावती मालकाच्या नावे निघते. आणि क्षणभर मानले की तो काहीच भरत नाही, तरी त्याच्या खोलीकडे निघालेल्या बंबाने पावती विचारावयाची नसते. तसे झाले, तर मच्छलीपीठातील विहिरीवर पुन्हा कुलूप पडेल. म्हणून पट्टी मालमत्तेच्या ऐपतीप्रमाणे घ्यावी आणि सेवा संकटाच्या गरजेप्रमाणे द्यावी. मोठ्या बाजारपेठेने, मोठ्या कारखान्याने अधिक द्यावे. लहान घराने थोडे द्यावे. धाव मात्र सर्वांसाठी सारखीच असावी.

बंधुभगिनींनो, वर्गणी भरून संस्था जगविण्याची रीत ग्रंथालयाच्या सभासदांना नवी नाही. जे पुस्तक आपण कधी उघडणार नाही, त्याच्याही खरेदीत आपला वाटा असतो, आणि ते दुसऱ्या कोणाच्या तरी हाती पडेल यात समाधान असते. बंबाची वर्गणी याच जातीची आहे. ती भरताना प्रत्येकाची इच्छा एकच असते, की आपल्या दारी तो कधी येऊ नये. या वर्षीच्या घरपट्टीच्या बिलावर नुसती एकूण रक्कम पाहून ते बाजूला ठेवू नये. त्यातील किती रुपये बंब, शिडी आणि जवान यांच्यावर खर्च होतात, आणि आपल्या प्रभागात ते किती मिनिटांत पोहोचतात, हे आपल्या नगरसेवकास एकदा लेखी विचारावे. शतक पाहिलेल्या संस्थेच्या सभासदांनी हा प्रश्न विचारला, तर त्याला उत्तर द्यावेच लागेल.