प्रवेश मिळाल्यानंतर: अमेरिकेतल्या काळ्या स्त्रिया आणि विद्यापीठं

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेलं भाषण)



‘काळ्या’ हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. ‘कृष्णवर्णीय’ म्हटलं की जरा सोवळं वाटतं. पण तिथल्या चळवळीनं अभिमानानं उचललेला शब्द ‘ब्लॅक’, म्हणजे काळे, हाच आहे.

शिक्षणाचा विषय निघाला की आपण प्रवेशाचे आकडे विचारतो. प्रवेशाचा लढा मोठा होताच. ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजनं १८३५ मध्ये काळ्या विद्यार्थ्यांना घ्यायचं ठरवलं आणि १८६२ मध्ये मेरी जेन पॅटरसन तिथून बी.ए. झाल्या. दक्षिणेत तेव्हा गुलामगिरी होती, यादवी युद्ध पेटलेलं होतं. पण मला आज बोलायचं आहे ते दारातून आत गेल्यावर काय होतं त्याबद्दल.

जॉर्जियाना सिम्पसन १९०७ मध्ये शिकागो विद्यापीठात आल्या. वसतिगृहात खोली मिळाली. काही गोऱ्या मुलींनी तक्रार केली. वसतिगृहाच्या प्रमुख होत्या सोफोनिस्बा ब्रेकिनरिज. समाजकार्याचं शिक्षण विद्यापीठात आणणाऱ्यांपैकी त्या एक, म्हणजे आम्हा एम.एस.डब्ल्यू.वाल्यांच्या पूर्वसुरीच. त्यांनी सिम्पसनना राहू दिलं. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी तो निर्णय फिरवला आणि सिम्पसनना बाहेर पडावं लागलं. पुष्कळसं शिक्षण त्यांनी उन्हाळी वर्गांतून आणि पत्राद्वारे पुरं केलं. १९२१ मध्ये जर्मन भाषाशास्त्रात पीएच.डी. मिळाली तेव्हा पन्नाशी उलटून गेली होती. त्याच वर्षी सेडी टॅनर मोसेल अर्थशास्त्रात आणि ईव्हा डाइक्स इंग्रजीत डॉक्टर झाल्या. पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या काळ्या स्त्रिया या तिघी. पण पदवी मिळाली तरी नोकरी मिळतेच असं नाही. सेडीबाईंना त्यांच्या शिक्षणाला साजेसं काम कुणी देईना. काळ्या लोकांनीच चालवलेल्या नॉर्थ कॅरोलिनातल्या एका विमा कंपनीत त्यांनी काम केलं, मग परत जाऊन १९२७ मध्ये कायद्याची पदवी घेतली.

आता अलाबामाची हकीकत. ही जरा सविस्तर सांगते, कारण तिच्यात बाईपण आणि वर्ण एकमेकांत कसे गुंतलेले असतात ते दिसतं. ऑथरीन ल्यूसी आणि पॉली अ‍ॅन मायर्स या दोन मैत्रिणींनी १९५२ मध्ये अलाबामा विद्यापीठाकडे अर्ज केले. प्रवेश मंजूर झाला. त्या काळ्या आहेत हे कळलं आणि तो नाकारला गेला. तीन वर्षं खटला चालला. १९५५ मध्ये कोर्टानं सांगितलं, वर्णावरून नाकारता येणार नाही. मग विद्यापीठानं काय करावं? पॉली अ‍ॅनचं खासगी आयुष्य खणून काढलं. लग्नाआधी दिवस गेले होते म्हणून ती विद्यार्थिनी व्हायला लायक नाही, असं ठरवलं. वर्णाचं कारण चालत नाही म्हटल्यावर चारित्र्याचं कारण लगेच हाताशी आलं. एखाद्या मुलाला नाकारायला त्यांनी हे कारण शोधलं असतं का?

पॉली अ‍ॅनला गाळल्यावर एकटी ल्यूसी येणार नाही, अशी त्यांची अटकळ होती. ल्यूसी आली. फेब्रुवारी १९५६ मध्ये ती वर्गात बसली. वसतिगृह आणि भोजनगृह मात्र तिला बंद. तिसऱ्याच दिवशी जमाव चालून आला. तिला अंडी मारली, जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या. विद्यापीठानं निलंबित केलं ते तिलाच, आणि कारण दिलं ‘तिच्याच सुरक्षिततेसाठी’! हा शब्द आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. संध्याकाळी सातला मुलींच्या वसतिगृहाला कुलूप लागतं तेही याच शब्दानं. पुढे तिच्या वकिलांनी विद्यापीठावर जमावाशी संगनमताचा आरोप केला, तेव्हा तिला कायमचं काढून टाकलं. ही हकालपट्टी रद्द झाली १९८८ मध्ये. त्यानंतर ल्यूसीबाई पुन्हा तिथेच शिकायला गेल्या आणि १९९२ मध्ये एम.ए. झाल्या. त्याच वर्षी त्यांची मुलगी तिथूनच पदवीधर झाली. २०२२ मध्ये विद्यापीठानं एका इमारतीला त्यांचं नाव दिलं, तेही आधी कू क्लक्स क्लॅनच्या एका माजी पुढाऱ्याच्या नावाशेजारी. ओरडा झाल्यावर त्याचं नाव काढलं. काही आठवड्यांनी त्या वारल्या.

हिशेब कसा मांडला जातो तेही पाहू. जनरल मोटर्समधून काढलेल्या काही काळ्या स्त्रिया कोर्टात गेल्या. १९७६ चा निकाल असा की कंपनीत स्त्रिया आहेत, काळेही आहेत, मग भेदभाव कुठला? त्यातल्या स्त्रिया होत्या गोऱ्या आणि काळे होते पुरुष. १९८९ मध्ये किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेनं हा निकाल पुढे ठेवून ‘इंटरसेक्शनॅलिटी’ ही कल्पना मांडली. आपल्या बैठकांत हा शब्द फार जड करून वापरला जातो. त्याचं मूळ कामावरून काढलेल्या बायकांच्या खटल्यात आहे. विद्यापीठांतही तोच हिशेब. हार्वर्डच्या कायदा विभागात गोऱ्या स्त्रिया कायम प्राध्यापक होत्या, काळे पुरुष होते, काळी स्त्री एकही नव्हती. १९९० मध्ये डेरिक बेल हे काळे प्राध्यापक याच्या निषेधार्थ बिनपगारी रजेवर गेले. हार्वर्डनं त्यांची नोकरी जाऊ दिली. पहिली काळी स्त्री, लॅनी गिनिअर, तिथे कायम झाली ती १९९८ मध्ये.

आज अमेरिकेत काळ्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या बी.ए.-बी.एस्सी.सारख्या पदव्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश मुली मिळवतात. ऐकायला छान वाटतं. पण पूर्ण प्राध्यापकांमध्ये काळ्या स्त्रिया सुमारे २ टक्केच. शैक्षणिक कर्जाचा सरासरी बोजाही त्यांच्यावरच सर्वांत जास्त. माहेरची गंगाजळी नाही आणि नंतरचा पगार कमी, म्हणून कर्ज फिटत नाही. त्यात २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं प्रवेशात वर्णाचा विचार करायला मनाई केली. आपल्याकडे ‘आता जात कुठे राहिलीय?’ म्हणणारे भेटतात, त्यांचीच ही भाषा.

जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. तेव्हा हे नातं काही आज जोडलेलं नाही. १९९८ मध्ये शर्मिला रेगे यांनी लिहिलं तेव्हाही प्रश्न हाच होता: स्त्रियांच्या चळवळीतली स्त्री सवर्ण आणि दलित चळवळीतला दलित पुरुष, तर दलित स्त्री कुठे?

दुपारच्या गटचर्चेसाठी एक काम सांगते. आपापल्या तालुक्यातल्या कॉलेजात मुली किती आणि मागासवर्गीय किती, हे दोन आकडे तुम्हाला सहज मिळतील. तिसरा मागा: मागासवर्गीय मुली किती, त्यांतल्या वसतिगृहात किती, शिष्यवृत्ती वेळेवर किती जणींना आली, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत किती जणी घरी परतल्या. ऑफिसात ‘असा तक्ता आम्ही ठेवत नाही’ म्हणाले, तर तसं त्यांच्याकडून लेखी घ्या.