देणगी कोणाची, प्रश्न कोणाचा?



एखादा दानशूर व्यापारी शाळेला खोली बांधून देतो. त्याचे नाव आपण दारावरच्या संगमरवरी पाटीवर आदराने कोरतो. पण त्या खोलीत बसून लिहिलेल्या उत्तरपत्रिकेचे गुण तो ठरवीत नाही. एवढी गोष्ट ध्यानात ठेवून आजचा विषय पाहू या : विद्यापीठे, उद्योग आणि हवामानबदलाचे संशोधन.

कोळसा व तेल जाळले की कार्बन डायऑक्साइड वायू हवेत साचतो आणि पृथ्वी तापते. त्यातला सुमारे एक चतुर्थांश वायू समुद्र शोषून घेतो. समुद्राचा हा वाटा मोजण्यासाठी १९७९ साली अमेरिकेतील एक्झॉन या तेल कंपनीने ‘एसो अटलांटिक’ या आपल्या अवाढव्य तेलवाहू जहाजावर उपकरणे बसविली. कोलंबिया विद्यापीठाच्या वेधशाळेतील शास्त्रज्ञ या कामी सोबत होते. जहाज कंपनीचे, विद्या विद्यापीठाची! १९८२ मध्ये हे काम थांबले.

पुढे काय घडले? कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७७ पासून तापमानवाढीची जी भाकिते केली, त्यांपैकी ६३ ते ८३ टक्के अचूक ठरली, असे २०२३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मात्र २००० साली, एक्झॉनमोबिल हे नवे नाव घेतलेल्या याच कंपनीने वृत्तपत्रात जाहिरात देऊन हे शास्त्र अजून अनिश्चित असल्याचे लोकांना सांगितले. शास्त्रज्ञ एक सांगत होते, जाहिरात दुसरेच सांगत होती.

मग उद्योगांचा पैसा घेऊच नये काय? असे मी म्हणणार नाही. २००२ साली याच कंपनीसह चार उद्योगांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील ऊर्जा-संशोधनासाठी २२.५ कोटी डॉलर्स देण्याचे जाहीर केले. प्रयोगशाळा, उपकरणे, शिष्यवृत्त्या यांना पैसा लागतोच. परंतु करार करतानाच तीन गोष्टी स्पष्ट हव्यात : संशोधनाचा प्रश्न कोण ठरविणार? निष्कर्ष देणाऱ्याला रुचला नाही तरी तो छापला जाणार का? आणि पैसा कोणाचा, हे वाचकाला कळणार का?

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या अशा प्रयोगशाळेत जाईल. देणाऱ्याचे आभार जरूर माना. पण त्याच्यासाठी आकडा बदलू नका. आणि पालकहो, मुलाने वा मुलीने घरी ‘हे कोणी सांगितले? कशावरून?’ असे विचारले, तर त्यांना गप्प बसवू नका. प्रामाणिक संशोधनाची सुरुवात त्याच प्रश्नापासून होते.