मृत्युनोंदवहीतील उन्हाळा

(परळी वैजनाथ येथे सरपंच, शिक्षक व ग्रामपंचायत अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



परळीकरांना उन्हाची ओळख करून देण्याचा आव मी आणणार नाही. १९७२ च्या दुष्काळात भर उन्हात खडी फोडलेली माणसे आपल्या गावांत अजून आहेत. २०१३ च्या दुष्काळात येथील औष्णिक वीज केंद्राचे संच पाण्यावाचून थांबले, तेही आपण पाहिले आहे. उन्हाविषयी आपल्याला ठाऊक नाही असे माझ्यापाशी काही नाही. आज मी ज्यांच्या कार्याविषयी बोलणार आहे त्यांनी ऊन मोजण्याचे काम हवामान खात्यावर सोपविले आणि स्वतः उन्हाने दगावलेली माणसे मोजली. त्यांचे नाव डॉ. दिलीप मावळणकर.

मावळणकर हे आडनाव ऐकताच अहमदाबादच्या मराठी मंडळींची आणि लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांची आठवण होते. डॉ. दिलीप मावळणकर हेही अहमदाबादचेच. वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी रुग्ण तपासण्याऐवजी सार्वजनिक आरोग्याचा मार्ग धरला, अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अध्ययन केले, अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत दीर्घकाळ अध्यापन केले आणि पुढे गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेचे संचालकपद सांभाळले. त्यांच्या संशोधनाचा आरंभ बाळंतपणातील आणि नवजात बालकांच्या मृत्यूंपासून झाला. कोण, कुठे, केव्हा आणि कशामुळे दगावले हा प्रश्न त्यांना तेव्हापासून चिकटला तो कायमचाच.

या शास्त्राला साथरोगशास्त्र म्हणतात. नावावरून ते केवळ पटकी-देवीचे शास्त्र वाटते, परंतु त्याचा खरा विषय मोजदाद हा आहे. १८५४ साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी पटकीने मेलेल्यांची घरे नकाशावर मांडली तेव्हा ती एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेली दिसली. पटकीचा जंतू तेव्हा वैद्यकजगताने मान्य केलेला नव्हता. तो ज्ञात नसतानाही मृतांची नुसती जागा नोंदल्याने दूषित पाण्याकडे बोट दाखविता आले.

अहमदाबादेत २००६ साली चिकुनगुन्याची मोठी साथ आली. हाडे खिळखिळी करणारा हा ताप माणसाला मारीत नाही, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. मावळणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महानगरपालिकेची मृत्युनोंद काढून ऑगस्ट ते नोव्हेंबर या चार महिन्यांतील मृत्यू आधीच्या चार वर्षांतील त्याच महिन्यांच्या सरासरीशी ताडून पाहिले. फरक २,९४४ मृत्यूंचा निघाला. प्रत्येक मृत्यू त्या तापानेच झाला असे यावरून सिद्ध होत नाही, आणि त्यांनी तसा दावाही केला नाही. मात्र साथीच्या काळात शहरात काहीतरी घडले, एवढे त्या वहीने स्पष्ट सांगितले.

हीच रीत चार वर्षांनी उन्हाला लागू पडली. मे २०१० मध्ये अहमदाबादचा पारा ४६.८ अंशांपर्यंत चढला. त्या महिन्यात शहरात सर्व कारणांनी मिळून ४,४६२ मृत्यू झाले. २००९ आणि २०११ च्या मे महिन्यांची सरासरी ३,११८ होती. म्हणजे १,३४४ माणसे अधिक गेली. २१ मे या एकाच दिवशी ३१० मृत्यू नोंदले गेले. एरवी ही संख्या शंभराच्या आसपास असते. उष्माघात हे कारण लिहिलेले मृत्यू यापुढे फारच थोडे होते.

असे का व्हावे? उन्हात शरीर घामावाटे थंड होते. त्यासाठी हृदयाला कातडीकडे अधिक रक्त लोटावे लागते. पाणी कमी पडले की रक्त दाट होते, मूत्रपिंडे दुखावतात. ज्याचे हृदय आधीच थकलेले, त्याचे हृदय थांबते आणि दाखल्यावर ‘हृदयविकार’ असे लिहिले जाते. ते खोटे नसते. पत्र्याच्या खोलीत रात्रभर तळमळलेली वृद्धा पहाटे गेली तर ‘वार्धक्य’ लिहिले जाते, आणि तेही खोटे नसते. भर रस्त्यात कोसळलेला माणूस तेवढा उष्माघाताच्या रकान्यात जातो. अमेरिकेतील शिकागो शहरात जुलै १९९५ मध्ये सुमारे सातशेहून अधिक आणि युरोपात २००३ च्या उन्हाळ्यात सत्तर हजारांहून अधिक जादा मृत्यू झाल्याचे आढळले, तेही याच वजाबाकीने.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. माहिती अधिकारी म्हणून एका जिल्ह्यात असताना मी एकदा ऐन मे महिन्यात ‘उष्माघाताचा एकही बळी नाही’ अशा आशयाची वार्ता तयार केली होती. हाताशी आलेल्या तक्त्यात त्या रकान्यात शून्य होते, म्हणून मी शून्य लिहिले. त्या महिन्यात एकूण मृत्यू किती झाले आणि मागील वर्षी किती झाले होते, हे विचारावे असे मला सुचले नाही. अहमदाबादचा अभ्यास पुढे वाचनात आला तेव्हा ती वार्ता आठवली आणि आजही आठवते.

अहमदाबादेत त्या आकड्यातून २०१३ साली उष्णता कृती आराखडा उभा राहिला. महानगरपालिका, गांधीनगरची संस्था आणि परदेशी संशोधक यांनी मिळून केलेला हा दक्षिण आशियातील अशा प्रकारचा पहिला आराखडा. पारा ४१ च्या वर गेला की पिवळा, ४३ च्या वर नारिंगी आणि ४५ ला लाल इशारा; इशाऱ्यासरशी दवाखाने, पाण्याची ठिकाणे आणि कर्मचारी कामाला लागावयाचे. पुढील एका अभ्यासात या आराखड्यामुळे वर्षाला सरासरी सुमारे १,१९० मृत्यू टळले असा अंदाज मांडला गेला. अंदाज तो अंदाज, परंतु त्या शहराने तो मांडण्याइतकी नोंद ठेवली ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. तेथील शारदाबेन रुग्णालयात बाळंतिणींचा कक्ष वरच्या, तापणाऱ्या मजल्यावर होता. तो खाली आणल्यावर उन्हाच्या त्रासाने दाखल कराव्या लागणाऱ्या नवजात बालकांचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटल्याचे आढळले. यासाठी नवे यंत्र लागले नाही, खाटा हलवाव्या लागल्या.

या साऱ्याचा हवामानबदलाशी संबंध काय, असे कोणी विचारील. भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढले, असे केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अहवालात नमूद आहे. हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण सरासरी थोडी सरकली की टोकाच्या दिवसांची संख्या वाढते, आणि माणसे दगावतात ती त्या टोकाच्या दिवसांत.

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. अहमदाबादचे ४५ अंश बीडने उसने घेऊ नयेत. कोणत्या अंशापासून आपल्या गावात माणसे अधिक दगावू लागतात हे आपल्याच नोंदींतून काढावे लागेल, कारण येथील घरे, कामे आणि पाणी वेगळे आहे. ही नोंद ज्यांच्या हाती आहे ते आज येथे बसले आहेत. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यू एकवीस दिवसांत नोंदवावयाचा असतो आणि गावात निबंधकाचे काम ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडेच, ज्यांना आपण सवयीने अजूनही ग्रामसेवकच म्हणतो त्यांच्याकडेच, असते.

अडचणी आहेत, त्या झाकण्यात अर्थ नाही. दोन हजार वस्तीच्या गावात वर्षाला साधारण बारा-पंधरा मृत्यू. त्यातून एका गावाला काहीच दिसणार नाही. परंतु अशा शंभर गावांची नोंद एकत्र केली की दिवसाला तीन-चार मृत्यू होतात आणि मे महिन्यातील चढ दिसू लागतो. मृत्यूची तारीख आणि नोंदणीची तारीख यांत गल्लत झाली तर मात्र सारा हिशेब वाया जातो, कारण उन्हाचा संबंध मृत्यूच्या दिवसाशी असतो. सर्वांत मोठी उणीव वेगळीच आहे. मृत्यू जेथे घडतो तेथेच नोंदला जातो. दिवाळीनंतर कोयता घेऊन गेलेला आपला ऊसतोड मजूर फडात किंवा कोपीत दगावला तर तो दुसऱ्या जिल्ह्याच्या, कधी कर्नाटकाच्या वहीत जातो. परळीच्या वहीत तो जिवंतच राहतो. गुढीपाडव्याच्या सुमारास टोळ्या परततात आणि पुष्कळजण वीटभट्टीवर जातात, तेव्हा त्यांचा उन्हाळा नुकता सुरू झालेला असतो.

गुरुजनांना यात काम आहे. वरच्या वर्गातील मुलांनी शाळेच्या आवारात, सावलीत टांगलेल्या तापमापकावरील दुपारचा आकडा रोज फळ्यावर व वहीत लिहावा. ग्रामसेवकांनी मार्च ते जून या चार महिन्यांतील मागील पाच वर्षांचे मृत्यू मृत्यूच्या तारखेप्रमाणे एका कागदावर उतरवावेत. वय, काम आणि घराचे छप्पर पत्र्याचे की धाब्याचे, हे आठवेल तेवढे शेजारी लिहावे. मृताचे नाव त्या कागदावर नको. सरपंचांनी ऊसतोडीला गेलेल्या घरांतून बाहेर झालेल्या मृत्यूंची वेगळी यादी करावी. हे सर्व कागद तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे एकत्र व्हावेत. त्यांची बेरीज झाली की तो तक्ता माझ्याकडे पाठवा. त्यातील आकडा शून्य असो वा शंभर, आहे तसा छापण्यासाठी मी पुढे पाठवीन.