रक्ताचा थेंब आणि हातातला फोन

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी दुखण्याखुपण्याचा विषय काढते, याबद्दल राग मानू नये. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत हिवताप आणि सिकलसेल ही नावे कोणास नवी नाहीत. ती ओळखण्याची साधने आता दारापर्यंत येऊ लागली आहेत. ती कशी चालतात, हे आपण समजून घ्यावयास हवे.

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. हळदीने साबणातला क्षार ओळखला आणि रंगाने तसे सांगितले. जैवसंवेदक ही याच जातीची वस्तू. त्यात एक ओळखणारा असतो, एक सांगणारा. आशाताई बोट टोचून ज्या पट्टीवर थेंब घेतात, तिच्यात हळदीच्या जागी प्रतिपिंडे असतात. हिवतापाच्या जंतूचे प्रथिन रक्तात असले की ती त्याला धरून ठेवतात आणि रेघ उमटते. रक्तातील साखर मोजणाऱ्या यंत्रात ओळखण्याचे काम एन्झाइम करते. ही कल्पना अमेरिकेत क्लार्क आणि लायन्स यांनी 1962 साली मांडली.

मग फोन कशाला? फिकट रेघ कंदिलाच्या उजेडात दिसेलच असे नाही. फोनचा कॅमेरा तिचा गडदपणा मोजतो आणि निकाल दवाखान्याला कळवितो. 2012 साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी फोनला जोडावयाचे छोटे यंत्र करून हिवतापाच्या पट्ट्या वाचून दाखविल्या. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. अशा वेळी निकाल जागीच मिळणे किती मोलाचे! मात्र नेटवर्क नसले तर निरोप जाणार नाही, आणि आपल्याकडील उन्हाने पट्टीच बिघडली असेल तर फोनही चुकीचेच वाचील.

सिकलसेलसाठीही थेंबभर रक्तावरच्या पट्ट्या निघाल्या आहेत. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी योजिली आहे. नेहमीच्या सोप्या विद्राव्यता चाचणीत वाहक कोण आणि रोगी कोण हे निराळे होत नाही. त्यासाठी पुढची पक्की तपासणी करावीच लागते. वाहक मनुष्य सहसा धडधाकट असतो. परंतु आई आणि बाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणी मूल रोगी होण्याचा संभव चारात एक.

भगिनींनो, माझी खरी काळजी येथेच आहे. निकाल फोनमध्ये शिरला की गावभर व्हावयास वेळ लागत नाही. मग मुलीच्या नावाला बोट लागते, आणि मुलाचे रक्त तपासले का, असे कोणी विचारीतही नाही. गणित तर दोघांचे आहे! वाहक असणे हा कलंक नव्हे. रंग-उंचीसारखेच ते आईबापांकडून येते.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. तपासणीला मुलगी आणाल, तसा मुलगाही आणा. निकाल ज्याचा त्याच्याच हाती द्या. त्याचा फोटो कोणाला पाठवू नका. आणि पट्टी काहीही सांगो, ताप उतरत नसेल तर दवाखाना गाठा. यंत्र रक्त ओळखील. माणसाची अब्रू आपणच राखावयाची आहे.