हयातीचा दाखला

तुम्ही बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगडची मुलं आणि मी इंदूर जिल्ह्यातल्या मानपूरचा. आमचं मूळ गाव खानापूर तालुक्यात. वडील पिथमपूरच्या कारखान्यात लागले आणि आम्ही महूच्या पुढं, आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या या गावात राहिलो. महू म्हणजे छावणी. इन्फंट्री स्कूल तिथंच. देशभरातले जवान कोर्सला येतात, काही निवृत्तीनंतर आसपास जागा घेऊन राहतात. मागच्या गल्लीतले सुभेदार काका त्यातलेच. मराठा लाइट इन्फंट्रीचे, आपल्याच भागातले. त्यांच्याशी बोललं की माझी घरची मराठी जागी होते.

आज एक कबुली द्यायची आहे.

दोन वर्षांपूर्वी 16 डिसेंबरला मी विजय दिवसाचं स्टेटस ठेवलं. ढाक्यातल्या शरणागतीचा फोटो, खाली सॅल्यूट. खूप जणांनी बघितलं. 1971 साली वर्दीत असलेला माणूस माझ्या घरापासून शंभर पावलांवर होता, आणि त्या अख्ख्या महिन्यात मी त्यांच्या दारात गेलो नव्हतो.

गेलो तो संक्रांतीला, तिळगूळ घेऊन. 14 जानेवारी हा माजी सैनिकांचाही दिवस, कारण 1953 साली याच तारखेला जनरल करिअप्पा निवृत्त झाले. तेव्हा मला हे ठाऊकही नव्हतं. काकूंनी कोरा चहा दिला. दुधाचं विचारल्यावर त्या काकांकडं बघायला लागल्या. डिसेंबरची पेन्शन जमाच झाली नव्हती. उधारी मागायची लाज, आणि बाहेरगावच्या मुलाला कळवायचं नाही असं दोघांनी ठरवलेलं.

झालं होतं असं. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, बहुतेकांचा नोव्हेंबरात. काका एका दुकानात गेले. वयानं बोटांच्या रेषा झिजतात, मशीन अंगठा घेईना. पाचव्यांदा घेतला. पण फॉर्ममध्ये पेन्शन कोण देतं, तिथं दुकानातल्या पोरानं त्यांची जुनी बँक निवडली. काकांची पेन्शन आता 'स्पर्श'मधून येते. तिथं 'स्पर्श - पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद' निवडायचं असतं. दाखला निघाला, कागद हातात आला, पण गेला भलतीकडंच.

"मी जिता हाय हे मीच सांगायचं, आनि त्ये बी पटंना," काका म्हणाले. हसत म्हणाले. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्याच मोबाइलवर केलं. 'आधार फेस आरडी' आणि 'जीवन प्रमाण' ही दोन ॲप लागतात, अंगठ्याचं काम नाही. चेहरा दाखवायचा आणि डोळ्यांची उघडझाप करायची. काका खुर्चीत सावधान बसले, नजर समोर. मी म्हटलं, काका, डोळे मिटा की! मिटेनात. परेडची सवय. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. पुढं थकबाकीसकट पेन्शन आली. एवढंसं काम होतं हो. ज्या मोबाइलवरून मी सॅल्यूट ठोकला होता, त्याच मोबाइलवरचं.

हे तुम्हाला का सांगतोय? मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र 1922 पासून बेळगावात आहे. तुमच्या गावात 'मिलिटरीवाला' म्हणून ओळखला जाणारा एक तरी आजोबा असेल. त्यांची कागदं एकदा त्यांच्यासोबत बसून बघा. आपल्याकडं एक जादा घोळ असतो. एकच आडनाव मराठीतून इंग्रजीत एक होतं, कन्नडमधून दुसरं. डिस्चार्ज बुकात बेळगाव, आधारवर 2014 नंतरचं बेळगावी. गावाच्या नावाचं एक वेळ निभावेल, पण माणसाच्या नावातलं अक्षर बदललेलं असलं की अडतं. आणि पहिल्यांदा बघायचं ते काकूंचं, आजीचं नाव. लग्नाची नोंद पलटणीत झालीय का, स्पेलिंग आणि जन्मतारीख आधारशी जुळते का? आजोबा आहेत तोवर ही दुरुस्ती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मदतीनं होते. ते गेल्यावर तीच बाई एकटी खेटे घालते. आमच्या मानपुरातच मी बघितलंय.

7 डिसेंबरचा ध्वजदिन 1949 पासून आहे. निधीला पैसे द्याच. पण झेंडा शर्टाला टाचला की काम संपलं असं मला आता वाटत नाही.

यंदाचा दाखला नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात केला. मग काका म्हणाले, चंदगडकडं माझा एक जोडीदार हाय, नंबर जुना हाय, लागतोय का बघ. तिसऱ्या नंबरावर लागला. त्यांची सून बोलली, मग ते स्वतः. दोघं पाऊण तास बोलत होते. बर्फाचं, लंगरमधल्या कच्च्या पुऱ्यांचं, कोण कोण गेलं त्याचं. मधेच काकांनी मोबाइलवर हात ठेवला आणि मला विचारलं, "ह्याचा दाखला कुनी केला न्हाई अजून. तुझ्या मोबाइलवरनं हितनं हुईल का?"

इथनं होत नाही. चेहरा समोर लागतो. चंदगडचं कुणी बसलंय का इथं?