धाकट्यांचे थोरले: अमेरिकेतल्या ख्रिस्ती उन्हाळी शिबिरांची वाटचाल

१८८५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूबर्ग गावाजवळ, ऑरेंज लेकच्या काठी, सात मुले आणि त्यांना घेऊन आलेला एक तरुण तंबू ठोकून राहिले. निघण्यापूर्वी मुलांनी डोकी सफाचट करून घेतली होती, म्हणून त्या मुक्कामाला ‘कॅम्प बाल्ड हेड’ असे नाव पडले. तरुणाचे नाव सम्नर डडली. न्यूबर्गच्या वायएमसीएमध्ये तो मुलांसाठी काम करायचा. मुक्काम जेमतेम आठवड्याचा होता. पण मुलांनी पुन्हा जायचा हट्ट धरला, पुढच्या वर्षी अधिक मुले आली आणि मग दर उन्हाळ्याला हा परिपाठच झाला.

तेच शिबिर आज ‘कॅम्प डडली’ म्हणून लेक शॅम्प्लेनच्या काठी वेस्टपोर्टला भरते. अमेरिकेत सर्वांत दीर्घकाळ चालत आलेले मुलांचे शिबिर म्हणून ते ओळखले जाते.

अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या कितीतरी सभासदांची मुले उन्हाळ्यात वायएमसीएच्या, म्हणजे ‘वाय’च्या, डे कँपला जातात. सुट्टी दहा-अकरा आठवड्यांची, घरात आजी-आजोबा नाहीत आणि आईवडील दोघेही नोकरीवर. वसंत ऋतू उजाडायच्या आत नावनोंदणी करावी लागते. मुले टी-शर्ट घालून जातात, पोहून-खेळून दमून परततात. या सगळ्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचे मूळ चर्चमध्ये आहे, हे मात्र क्वचितच आठवले जाते. वायएमसीए म्हणजे ‘यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन’. कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या जॉर्ज विल्यम्स या तरुणाने १८४४ मध्ये लंडनला ती काढली आणि १८५१ मध्ये ती बॉस्टनला पोचली. गिरण्या आणि दुकाने खेड्यातल्या पोरांना शहरात ओढत होती. त्यांना दारूच्या गुत्त्याऐवजी बसायला एखादी बरी जागा असावी, एवढाच सुरुवातीचा हेतू होता.

मुलांना रानात नेण्याची कल्पना डडलीच्याही आधीची. कनेक्टिकटमधले शाळामास्तर फ्रेडरिक गन यांनी १८६१ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना चाळीस मैल चालवत मिलफर्डच्या समुद्रकिनाऱ्यावर नेले. यादवी युद्धाला नुकतेच तोंड फुटले होते आणि शाळेतल्या प्रत्येक पोराला शिपायांसारखे तंबूत झोपायचे होते. १८८० मध्ये जॉर्ज हिंकली या पाद्रीसाहेबांनी वेस्ट हार्टफर्डच्या आपल्या चर्चमधली काही मुले ऱ्होड आयलंडमध्ये तळ ठोकायला नेली. त्या काळी हार्टफर्ड भागात चीन सरकारने शिकायला पाठवलेले विद्यार्थी राहत, आणि हिंकलींच्या तंबूत त्यांच्यापैकीही काही जण होते. चर्चने भरवलेले पहिले शिबिर म्हणून आज त्याचा उल्लेख होतो.

पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये, न्यू हॅम्पशरमधल्या स्क्वॉम लेकवरच्या एका बेटावर अर्नेस्ट बाल्च या कॉलेजातल्या तरुणाने ‘कॅम्प शोकोरुआ’ उघडला. श्रीमंतांची मुले उन्हाळाभर हॉटेलांच्या व्हरांड्यांत आळसावून बसलेली त्याला पाहवत नव्हती. त्याच्या शिबिरात नोकरचाकर नव्हते. स्वयंपाक, भांडी, होड्यांची देखभाल सगळे मुलांनीच करायचे. १८८९ मध्ये ते शिबिर बंद पडले, पण बेटावर झाडांखाली उपासनेची जी जागा होती तिथे आजही उन्हाळ्यात रविवारची प्रार्थना होते.

तिघांच्याही शिबिरांना मुले खुशीने गेली. तरीही त्यांतले एकही पुढे फार काळ चालले नाही, कारण प्रत्येकाचा सगळा भार एकाच माणसावर होता.

डडलीचे तसे झाले नाही. १८९१ मध्ये त्याने आपला मुक्काम लेक शॅम्प्लेनला हलवला आणि १८९७ मध्ये तो वारला. तेव्हा ना स्वतःची जागा होती, ना पक्की इमारत. शिबिर तिथेच संपायला हवे होते. पण तोवर त्याच्या तंबूत राहून गेलेली पोरे मोठी झाली होती आणि धाकट्यांना घेऊन तीच पुन्हा येऊ लागली होती. शिबिराला डडलीचे नाव त्यांच्याच पिढीने दिले. १९०८ मध्ये वेस्टपोर्टची कायमची जागा मिळाली आणि त्यानंतर जवळपास चार दशके बेकमन या एकाच संचालकाने शिबिराचा कारभार पाहिला. मुले त्याला ‘चीफ’ म्हणत.

कॅम्प डडलीची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येक मुलाला एक क्रमांक मिळतो, तो आयुष्यभर त्याचाच राहतो. आजोबांपासून नातवापर्यंत प्रत्येकाचा आपापला क्रमांक, अशी घराणी तिथे आहेत. शिबिरार्थी म्हणून वय संपले की मुलगा घरी बसत नाही. तो आधी हाताखालचा मदतनीस होतो, मग ज्युनिअर लीडर, मग असिस्टंट लीडर आणि शेवटी एका केबिनचा लीडर. रात्री दिवे मालवण्यापूर्वी केबिनमध्ये छोटीशी प्रार्थना आणि चिंतन होते, तेही पाद्री घेत नाही. केबिनमधले थोरले तरुणच घेतात. ‘आधी दुसरा’ हे तिथले ब्रीद. दहा वर्षांच्या मुलाला ते भाषण ऐकून कळत नाही. आपला तरुण लीडर ताटात सर्वांत शेवटी वाढून घेतो, हे रोज पाहून कळते.

१९१० पर्यंत शिबिरांची ही लाट देशभर पसरली होती. वायएमसीएचे एडगर रॉबिन्सन यांनी त्या वर्षी अमेरिकेतल्या बॉय स्काउट चळवळीला उभे राहायला मदत केली आणि तिचे सुरुवातीचे शिबिर लेक जॉर्जवरच्या सिल्व्हर बे इथल्या वायएमसीएच्याच जागेत भरले. मुलींकडे लक्ष जायला मात्र वेळ लागला. लेक शॅम्प्लेनच्या व्हरमाँटकडच्या किनाऱ्यावर १९१९ मध्ये मुलींसाठी निघालेला ‘कॅम्प किनिया’ डडलीच्या व्यवस्थेखाली आला तो थेट २००६ मध्ये. काळ्या मुलांची कथा याहून कडू आहे. त्यांच्यासाठी वायएमसीएच्या वेगळ्या शाखा आणि वेगळी शिबिरे होती. भेदभाव सोडण्याचा ठराव राष्ट्रीय पातळीवर झाला १९४६ मध्ये. प्रार्थना एकाच देवाची आणि तळी मात्र वेगवेगळी, असा हा साठेक वर्षांचा काळ. शिबिरांच्या गौरवग्रंथांत तो चार ओळींत आटोपतो, हे बरोबर नाही.

या इतिहासाचा एक धागा थेट कोल्हापूरला जातो.

रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८४६ मध्ये अहमदनगरला आले आणि १८५२ मध्ये त्यांनी कोल्हापूरला मिशन सुरू केले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मला. त्याचे बालपण तिथेच गेले आणि पुढे तो शिक्षणासाठी प्रिन्स्टनला आला. १८८६ च्या जुलैमध्ये ड्वाइट मूडी या गाजलेल्या धर्मोपदेशकाने मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन या आपल्या शाळेच्या आवारात कॉलेजच्या विद्यार्थ्यांचे उन्हाळी शिबिर भरवले. सुमारे अडीचशे तरुण आले. सकाळी बायबलचा अभ्यास, दुपारी मैदान आणि कनेक्टिकट नदी. परदेशी मिशनकार्य हा मूडीच्या कार्यक्रमातला मुख्य विषय नव्हता. तो विषय तेविशी गाठत असलेल्या रॉबर्टने काढला. त्याने आधी मूठभर मित्र जमवले, त्यांच्याबरोबर रोज प्रार्थना केली, मग वेगवेगळ्या देशांतून आलेल्या किंवा तिथे वाढलेल्या दहा तरुणांना एका सभेत बोलायला लावले. शिबिराच्या अखेरीस शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी जाण्याची तयारी दाखवली होती. त्यांत कॉर्नेलचा जॉन मॉट होता, ज्याला १९४६ मध्ये शांततेचे नोबेल मिळाले. वर्षभर वाइल्डर आणि त्याचा मित्र जॉन फोरमन कॉलेजे पालथी घालत हिंडले. १८८८ मध्ये त्यातून ‘स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट’ उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत हजारो अमेरिकन तरुण आशिया-आफ्रिकेत गेले. स्वतः वाइल्डर हिंदुस्थानात परतला आणि पुण्यातही विद्यार्थ्यांमध्ये त्याने काम केले.

हे धर्मप्रसाराचे कार्य होते आणि त्याचा रोख आपल्या भूमीवरही होता, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. महाराष्ट्रात त्यावर तेव्हा कडाक्याचे वाद झाले आणि ते होणे साहजिक होते. मात्र हेतू पटो वा न पटो, घडले काय ते नीट पाहायला हवे. व्यासपीठावर मोठी नावे होती, पण शिबिराला दिशा दिली ती मागच्या रांगेत बसलेल्या एका विद्यार्थ्याने, आणि मूडीने त्याला अडवले नाही. वायएमसीएची शिबिरांची रीत पुढे महाराष्ट्रातही रुजली. मावळात कामशेतजवळच्या निळशीला मुंबई वायएमसीएचे शिबिरस्थळ आहे.

दुसरे मोठे वळण विसाव्या शतकाच्या मध्यावर आले. टेक्सासमधल्या गेन्सव्हिल गावात जिम रेबर्न या तरुण धर्मसेवकाला चर्चच्या पाळकाने सांगितले, चर्चमध्ये येणाऱ्या मुलांची काळजी घ्यायला आम्ही आहोत, तू जवळच्या हायस्कूलमध्ये जा. त्यातून १९४१ मध्ये ‘यंग लाइफ’ ही संस्था झाली. चर्चची पायरी न चढलेल्या मुलांनाही यावेसे वाटेल अशी जागा रेबर्नला हवी होती. त्याने कोलोरॅडोत ‘स्टार रँच’ घेतला आणि १९५० च्या दशकात ब्रिटिश कोलंबियातले मालिबू हे एका विमान-उद्योजकाने समुद्राच्या खाडीत बांधलेले आलिशान विश्रामस्थळही घेतले. मुलांसाठी म्हणून दुय्यम दर्जाची वस्तू चालवून घ्यायची नाही, हा त्याचा बाणा होता.

पण तिथल्या स्वयंपाकघरात कोण असते? हायस्कूलचीच मुले. ‘वर्क क्रू’ म्हणून ती साधारण महिनाभर बिनपगारी राबतात. आपल्याच वयाच्या पाहुण्यांना वाढतात, त्यांची ताटे विसळतात. बरीचशी आदल्या उन्हाळ्यात स्वतः पाहुणी असतात. शिबिरात पाहुण्या मुलांच्या केबिनमध्ये झोपणारे काउन्सेलरही परके नसतात. गावात वर्षभर त्यांच्या फुटबॉलच्या सामन्यांना हजर राहणारी तीच माणसे बसमधून सोबत येतात. सात दिवसांच्या शिबिराचा परिणाम वर्षभर का टिकतो, याचे उत्तर या दोन गोष्टींत आहे.

विश्वासावर उभ्या राहिलेल्या संस्थेत विश्वासघाताचा धोकाही तेवढाच मोठा असतो. इंग्लंडमध्ये डॉर्सेटमधल्या आयवर्न मिन्स्टर इथे प्रतिष्ठित शाळांच्या मुलांसाठी भरणाऱ्या ख्रिस्ती शिबिरांनी इंग्लंडच्या चर्चला अनेक नामवंत पुढारी दिले. त्याच शिबिरांतला जॉन स्मिथ हा वकील १९७० च्या दशकापासून मुलांना अमानुष मारहाण करत होता. १९८२ मध्ये अंतर्गत अहवालात सगळे लिहिले गेले आणि झाकून ठेवले गेले. स्मिथ झिंबाब्वेला गेला आणि तिथेही शिबिरे भरवू लागला. शंभराहून अधिक मुले आणि तरुण त्याचे बळी ठरले. या प्रकरणाच्या चौकशीचा मेकिन अहवाल आला २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, आणि काही दिवसांतच कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना पद सोडण्याची घोषणा करावी लागली. संस्थेचे नाव राखण्यासाठी मुलांना वाऱ्यावर सोडण्याचा हा गुन्हा अक्षम्य आहे. तो फक्त ख्रिस्ती संस्थांत घडतो असे समजून कोणी निर्धास्त होऊ नये.

गेल्या काही वर्षांतली सर्वांत दुःखद बातमी टेक्सासची. हंट गावाजवळ ग्वाडलूप नदीकाठी १९२६ मध्ये सुरू झालेले ‘कॅम्प मिस्टिक’ हे मुलींचे ख्रिस्ती शिबिर. ४ जुलै २०२५ च्या पहाटे नदीला महापूर आला आणि शिबिरार्थी व काउन्सेलर मिळून २७ जणी गेल्या. त्यांत आठ-नऊ वर्षांच्या मुली होत्या. त्या रात्री मेक्सिकोहून आलेल्या एकोणीस वर्षांच्या दोन काउन्सेलरनी आपल्या ताब्यातल्या मुलींच्या अंगावर त्यांची नावे लिहून ठेवली, काही बरेवाईट झाले तर ओळख पटावी म्हणून. मुलींचा धीर सुटू नये म्हणून त्या त्यांच्याशी खेळत राहिल्या. थोरल्यांवर धाकटे सोपवण्याची ही जुनी रीत त्या दोघींनी जिवापाड पाळली. पण केबिन कुठे बांधायच्या, इशारा मिळाला की कोणी कोणाला उठवायचे, हे ठरवणे त्या पोरींचे काम नव्हते. ते जाणत्यांचे होते. त्याच वर्षी टेक्सासने कायदा करून पुराच्या पट्ट्यातल्या केबिनना बंदी घातली आणि आपत्कालीन योजना व प्रशिक्षण सक्तीचे केले.

मराठी मंडळांसाठी यातून घेण्यासारखे काय? आपल्याकडे शाळा आहेत, गणेशोत्सव आहेत, चिन्मय मिशनसारख्या संस्थांची शिबिरे आहेत. लहान मुले हौसेने येतात आणि तेरा-चौदाव्या वर्षी दिसेनाशी होतात. त्या वयात त्यांना करायला आपण काही देत नाही. फार तर खुर्च्या लावायला सांगतो आणि कार्यक्रम संपला की निरोप देतो. डडलीच्या तळावर शिबिरार्थीचे वय संपताच मुलाच्या हाती लहानांची जबाबदारी येऊ लागते.

पुढच्या उन्हाळ्याच्या शिबिराची आखणी हिवाळ्यातच सुरू करा आणि पहिल्या बैठकीलाच चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना बोलवा. पाच-सहा लहानांचा एकेक गट त्यांच्या स्वाधीन करा. गोष्ट कोणती सांगायची, खेळ कोणता घ्यायचा, ते त्यांना ठरवू द्या. प्रत्येक गटाजवळ दोन प्रौढ असू द्या आणि त्या प्रौढांची रीतसर पार्श्वभूमी तपासा, मग ते कितीही ओळखीचे असोत. जागा ठरवताना जवळच्या नदी-ओढ्याच्या पुराचा नकाशा मागून घ्या. अमेरिकन रेड क्रॉसचा जीवरक्षकाचा अभ्यासक्रम वयाची पंधरा वर्षे पूर्ण झाली की करता येतो. मंडळाने आपल्या मुलांची फी भरून त्यांना या वर्षीच त्या अभ्यासक्रमाला पाठवावे.