आधी फळी, मग इंजिन



आम्ही कलाशाखेचे पदवीधर आणि बँकेतील एक साधे लिपिक. यंत्रशास्त्राचे ज्ञान आम्हांस नाही. तरीही आज बोलावयाचे आहे ते एका जुन्या होडीविषयी आणि तिच्या बंद पडलेल्या इंजिनाविषयी. कारण त्या होडीने आम्हांस जो हिशेब शिकविला, तो बँकेच्या खातेवहीनेही शिकविला नव्हता.

आमचे घर दाभोळच्या खाडीकाठी. वडिलांनी उभी हयात दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून काढली आणि उतारवयात हप्त्याने स्वतःची लाकडी होडी घेतली. त्यांच्या पश्चात ती आमचे थोरले बंधू, म्हणजे दादा, चालवीत. 2018 च्या मे महिन्यात भर खाडीत तिचे इंजिन गरम होऊन जाम झाले. थंड पाणी ओढणाऱ्या तोंडाशी प्लॅस्टिकची पिशवी अडकली होती. होडी दोराने ओढून किनाऱ्याला आणली. 1 जून ते 31 जुलै अशी मासेमारीची बंदी असते, त्यामुळे निर्णयाला दोन महिने हाती होते.

इंजिन बिघडले, म्हणून आम्ही इंजिनवाल्याकडे धावलो. कोणीही तेच केले असते. तो फिटर मात्र जाणता होता. जाम इंजिनावर जोर करावयाचा नाही, एवढे त्याने पहिल्यांदा बजावले. वरचे इंजेक्टर काढून त्याने सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑईल ओतले, दोन दिवस तसेच मुरू दिले. तिसऱ्या दिवशी पहार लावून चाक हळूच फिरविले, तर ते फिरले! लायनर, पिस्टन, रिंगा, गॅस्केट धरून 45 हजारांत काम होईल, असे तो म्हणाला. आम्हांस आनंद झाला. कर्जाचा अर्ज आम्ही स्वतः भरून ठेवला. आईने पाटल्या काढून पुढे केल्या.

सही करण्यापूर्वी दादांनी होडी बांधणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलाविले. त्यांनी इंजिनाकडे पाहिलेसुद्धा नाही. "भाऊ, इंजिन बदलता येतं. आधी फळी बघू," एवढेच बोलले.

हातोडीच्या दांड्याने ते फळ्या ठोकीत गेले. चांगले लाकूड खणखणीत वाजते, कुजलेले बद्द आवाज देते. मग इंजिनाखाली, फळ्यांच्या सांध्यांत, जेथे सतत ओल राहते तेथे त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहिला. लाकूड खाऱ्या पाण्याने कुजते असे आपण समजतो. खरे म्हणजे तळाशी साचणारे पावसाचे गोडे पाणी ते अधिक कुजविते. समुद्रात लाकूड पोखरणारा किडा असतो तो निराळाच. त्याचे भोक बाहेरून बारीक दिसते, आत मात्र चाळण झालेली असते. आमच्या होडीत दोन्ही रोग होते. पंखा फिरविणारा दांडा जेथून बाहेर निघतो, तेथे तळाच्या मुख्य लाकडात तो स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत शिरला. तो होडीचा कणा. सहा आडवी लाकडेही गेली होती.

"या अंगावर दुरुस्त इंजिन बसवाल, तर त्याच्या हादऱ्याने सांधे उघडतील," मिस्त्री म्हणाले. लाकूडकामाचा अंदाज 2 लाख 10 हजार निघाला.

त्या रात्री आम्ही कागदावर तीन रकाने आखले. दुरुस्तीला किती लागेल? दुरुस्तीनंतर होडी किती वर्षे चालेल? आणि त्या वर्षांत हप्ता भरून घरात काय उरेल? बंदीचे दोन महिने कमाई थांबते, हप्ता थांबत नाही. आजवर होडीवर जे खर्चिले, ते कोणत्याच रकान्यात धरले नाही. गेलेला पैसा निर्णय घेत नसतो. त्याच वर्षी पुतणीची बारावी होती आणि पुढच्या शिक्षणाचे पैसे याच घरातून निघावयाचे होते.

दादा संतापले. "बाबांची होडी मोडायची?" आम्हांस उत्तर सुचेना. तेव्हा आई म्हणाली, "तुझ्या बाबांनी होडी पोटासाठी घेतली होती, पूजेला नाही."

मित्रांनो, आपल्या विक्रांत या विमानवाहू नौकेची गोष्ट ध्यानात घ्या. 1971 च्या युद्धापूर्वी तिच्या बॉयलरला तडा गेला होता. वेग कमी झाला, तरी उरलेल्या बॉयलरवर तिला बंगालच्या उपसागरात नेण्यात आले आणि तिच्या विमानांनी चितगाव व कॉक्स बाजारवर हल्ले केले. यंत्र दुबळे, पण अंग धडधाकट आणि काम तातडीचे होते. 1997 मध्ये ती निवृत्त झाली, मुंबईत संग्रहालय झाली. पुढे अंगच धोक्याचे झाले, तेव्हा 2012 मध्ये ते संग्रहालय बंद झाले आणि 2014 मध्ये ती भंगारात गेली. तीच नौका, पण दोन वेळी दोन निर्णय.

आम्ही होडी मोडली. एक गिऱ्हाईक म्हणत होता, रंग मारून द्या, घेतो. आम्ही नकार दिला. कुजका कणा रंगाखाली झाकून दुसऱ्याच्या पोराला पाण्यात पाठविणे आम्हांस जमण्यासारखे नव्हते. इंजिन दुरुस्त करून पंख्यासह विकले. ते पैसे आणि थोडे कर्ज यांतून दादांनी भागीदारीत फायबरची लहान होडी घेतली. पाटल्या आईच्या हातात राहिल्या. चांगल्या निघालेल्या सागवानी फळ्यांचे पुतणीला अभ्यासाचे टेबल करून दिले. त्याच टेबलावर तिने पदवीचा अभ्यास केला.

जुनी वस्तू टाकावी, असे आमचे म्हणणे नाही. कणा शाबूत असता, तर आम्ही कर्ज काढूनही होडी वाचविली असती. म्हणणे इतकेच की, जे बंद पडले तेवढेच पाहू नका. ज्यावर सारे उभे आहे, ते आधी ठोकून पाहा. मग कागद घ्या, रकाने आखा, आणि सही त्यानंतर करा.